बिबट्याच्या कृपेनं

भावकीच्या बैठकांना, देवळातल्या शपथांना आणि गिताबाईच्या सोमवारच्या उपासांना सहा वर्षांत जे जमलं नाही, ते बिबट्यानं एका दुपारी जमवलं. त्यानं भरतच्या दारातलं कुत्रं उचललं. तेही भर उन्हात, तीनच्या सुमाराला. दहा पावलांवर भरतची बायको सारिका भांडी घासत होती. तिनं हातातलं पातेलं टाकलं, आठ वर्षांच्या पप्पूला काखेत मारलं आणि मधल्या भिंतीला वळसा घालून थेट सासूच्या, गिताबाईच्या घरात शिरली. त्या घराच्या उंबऱ्याला तिचा पाय सहा वर्षांनी लागत होता.

भिंत भरतनंच घातलेली. विहिरीवरच्या मोटरची पाळी कुणाची, यावरून त्याचं थोरल्या भावाशी, हनुमंतशी वाजलं. दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. भरतनं आईबापाच्या अंगणातच वेगळं घर बांधलं आणि मध्ये डोक्याइतकी भिंत उभी केली. भिंत पक्क्या विटांची, घर मात्र पत्र्याचं. "इटा भितीलाच संपल्या," असं त्यांचा बाप गेणबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

हनुमंत तेव्हा कारेगावला, भाड्याच्या खोलीत. कंपनीत ठेक्यावर मशीन चालवायचा. या दिवाळीनंतर ठेकेदारानं त्याला ब्रेक दिला, म्हणजे घरी बसवलं. त्यानं खोली सोडली आणि बायको मोनिकाला व दहा वर्षांच्या स्वप्नालीला घेऊन आईबापाच्या दोन खोल्यांत आला. गावात कुणी विचारलं, की तो "लीव्हवर हाय" म्हणायचा. लीव्हला महिना होत आला होता.

असे हे सगळे घोड नदीच्या काठच्या त्या एका स्लॅबच्या घरात कोंबले गेले. भरतच्या घराला न्हाणी बाहेर, चूल बाहेर, दार फळकुटाचं. गेणबाच्या घराला लोखंडी दार आणि खिडक्यांना गज. दोन गावं पलीकडं बिबट्यानं एका पोराच्या पाठीवर झडप घातली होती. पोरगं वाचलं, पण वीस टाके पडले. आता अंधार पडायच्या आत सगळ्यांनी आत यायचं आणि कडी घालायची, असं सरपंचानं स्पीकरवरून सांगितलं होतं. सरपंच स्वतः शिरूरला फ्लॅटवर राहायला गेला होता. तिथून तो रोज फोन करून धीर देत असे.

एका खोलीत, हातभर अंतरावर बसूनही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

"आये, त्येला म्हणावं, टावेल माझा हाय," हनुमंत म्हणाला.

"आये, त्येला म्हणावं, टावेलावर नाव लिवलंय का?" भरत म्हणाला.

पहिले दोन दिवस गिताबाईनं इकडचं तिकडं पोचवलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी काय टपालखातं हाय व्हय रं? बोला न्हाईतर मुकं मरा." मग दोघे भिंतीकडं बघून बोलू लागले.

खरं तर गिताबाई सुखात होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती. कुणाच्या तरी लेकराच्या पाठीला टाके पडले म्हणून आपल्या ताटाशी नातवंडं आली, हे ती कुणाला सांगणार? शाळा अकरा ते तीनच भरत होती. तीनला पोरं घरात आली, की सकाळपर्यंत घरातच. पप्पू आजवर भिंतीवर चढून नुसता डोकावायचा. आता तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून भुईमुगाच्या शेंगा फोडायचा. गेणबा दोघांना मेंढरांच्या गोष्टी सांगायचा.

"दोनशे मेंढरं व्हती माझी. कोकणापतूर जायाचो. रानात वाडा पडला, मुक्कामाचा तळ टाकला, की मेंढरांच्या मधोमध निजायचं."

"आन् लांडगा आला तर?" पप्पू विचारायचा.

"येऊ दे की. माणूस जवळ असला, की लांडगा मागं सरतो. ध्येनात ठेव, मुक्या जनावराला येकटं सोडायचं न्हाई. सोडलं, की गेलं."

स्वप्नाली या सगळ्या गोष्टी शाळेच्या वहीत लिहून काढायची. त्या तिला जितक्या खऱ्या वाटायच्या, तितक्या त्या खऱ्या होत्या की नाही, हे फक्त गिताबाईला ठाऊक होतं. गेणबा कोकणात दोनदाच गेला होता. दुसऱ्या खेपेला आजारी पडून यष्टीनं परत आला होता.

पाचव्या दिवशी भरतनं जुन्या पट्ट्याला खिळे ठोकून पप्पूच्या गळ्यात घालायला एक काटेरी पट्टा केला. बिबट्या नरडं धरतो, म्हणून आता सगळा तालुका असे पट्टे घालून फिरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच आणखी एक पट्टा खिडकीत ठेवलेला दिसला. कुणी ठेवला, कुणासाठी ठेवला, कुणीच बोललं नाही. मोनिकानं तो गुपचूप स्वप्नालीच्या गळ्यात बांधला. आतून कापडाची घडी शिवलेली होती, कातडीला टोचू नये म्हणून.

हनुमंतनं पट्टा फिरवून फिरवून पाहिला.  मग तो भिंतीला म्हणाला, "खिळे जरा तिरके बसल्यात."

मोनिकाला मात्र या संकटात एक वेगळीच संधी दिसली. कारेगावच्या खोलीत ती नवऱ्याचा डबा आणि धुवायचे कपडे, एवढंच बघत आली होती. इथं तिच्यासमोर पत्रावळीसारखं गोल बसलेलं कुटुंब होतं, काटेरी पट्टे घातलेली लेकरं होती आणि बाजरीच्या भाकरीची वाफ होती. तिनं मोबाईल लोट्याला टेकवला.

"सारिका, जरा तिकडं सर गं. फ्रेममधी खरकटं येतंय."

सारिका सरकली. इतकी सरकली, की व्हिडिओत तिचं नुसतं कोपरच आलं. खाली मोनिकानं लिहिलं, 'कठीण काळात आपलीच माणसं. नातवंडांचं प्रेम.' पुढं तीन लाल बदाम. ते चौदा हजार लोकांनी पाहिलं. "या काकू किती नशीबवान," असं कुणीतरी नागपूरहून लिहिलं. काकू त्या वेळी मोरीत बसून दहा माणसांची भांडी घासत होत्या. खरं तर माणसं आठच होती, पण गेणबा आणि पप्पू दोघंही ताटं बदलून जेवायचे.

तो व्हिडिओ यवतला पोचला. तिथं हायवेला रंगूच्या नवऱ्याचा ढाबा. रंगू ही थोरली लेक. व्हिडिओ बघून तिचं काळीज गलबललं, आणि दुसऱ्याच दिवशी ती जीपनं हजर झाली.

"आईआबाला मी घेऊन जाते," तिनं चपला काढायच्या आत जाहीर केलं. "हितं वाघ फिरतोय आन् तुम्ही म्हाताऱ्यांना ठेवताय. आमच्याकडं चोवीस तास उजेड हाय."

"आन् भाकऱ्या थापायची बाई पळून गेली म्हणं तुमची?" सारिकानं हळूच विचारलं.

रंगूनं तिच्याकडं पाहिलं. "तिचा काय संबंध? आयला सवय हाय म्हणून चार थापल्या, तर तिचं मन रमंल."

"वन्सं, आत्या गेल्या तर पोरांकडं कोण बघणार?" मोनिका म्हणाली. "मी परवापास्नं शिवणक्लासला जाणार हाय."

"व्हय, आन् मला उसाकडं जावं लागतं," सारिका म्हणाली. दोघी जावा सहा वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला उभ्या राहिल्या. सासूवरची ही माया बघून गिताबाई पदरात तोंड घालून खोकली. तो खोकला नव्हता.

रंगू मुक्कामाला राहिली. नेलं तर दोघांना नेईन, नाहीतर हलणार नाही, असं ती म्हणाली. तिचा नवरा रोज फोन करून "आली का बाई?" असं विचारत होता. तो बायकोबद्दल विचारतोय की भाकरीवालीबद्दल, हे कळत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी वनखात्याचा गार्ड ट्रॅक्टरवर पिंजरा घालून आला. विहिरीपलीकडं, उसाच्या कडेला त्यानं तो उतरवला. लांबट लोखंडी पिंजरा, मध्ये जाड जाळी. पुढच्या भागात बिबट्यानं यायचं आणि दार पडायचं. मागच्या खणात शेळी, तिला मागून वेगळं दार.

"आजच्या दिवस एक जनावर तुमचं द्या," गार्ड म्हणाला. "आमची शेळी आजारी आहे. काही होत नाही त्याला. मधली जाळी वाघाच्या बापाला तुटत नाही."

मग त्या घरात जी चर्चा झाली, ती हनुमंतला पुढं कित्येक दिवस आठवत राहिली. दावणीला तीन जनावरं होती. वाटणीत हनुमंतच्या वाट्याला एक शेळी आली होती, भरतच्या वाट्याला एक. उरला गेणबाचा बोकड.

"आमची शेळी गाभण हाय," हनुमंत लगेच म्हणाला. "भीतीनं गाभडली तर?"

"आमची दुभती हाय," भरत भिंतीला म्हणाला. "पप्पूला दूध लागतं."

"मग बोकड द्या," दोघे एकदम म्हणाले आणि एकमत झालं म्हणून दचकले.

"बोकडाला हात लावायचा न्हाई!" रंगू उठून उभी राहिली. "माझ्या नवसाचा हाय त्यो. ढाबा चालला म्हणून जागरणाला कापायचाय. देवाचं जनावर बिबट्याफुडं बांधता?"

"आक्का, जाळी हाय मधी."

"मग तुझी गाभण बांध की. जाळी हायच."

"ती भिऊन—"

"माझा बोकड काय जिगरबाज हाय व्हय?"

 हनुमंतला एकाएकी असं वाटलं, की हा सगळा कारभार आपल्या ठेकेदारासारखाच चाललाय. काम सगळ्यांना हवं, फक्त आत बसायला दुसरा कुणीतरी हवा. पण हे तो बोलला नाही, कारण तो लीव्हवर होता.

शेवटी गेणबानं तंबाखू थुंकली. "रंगे, देवाला त्यो कापूनच द्यायचाय न्हवं? मग आज बिबट्यानं नुसता बघितला, तर देवाचं काय जातंय? बांधा."

बोकड गेला. पोरांनी त्याला आठ दिवसांत बंटी असं नाव ठेवलं होतं, भाकरीचे काठ चारून पोसलं होतं. गार्डनं त्याला ओढत नेलं, तेव्हा तो मान वळवून घराकडं बघत ओरडत होता. पप्पू रडला. स्वप्नाली रडली नाही. ती वही काढून काहीतरी वाचत बसली.

सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला, तेव्हा सारिकानं पप्पूला चहाला हाक मारली. उत्तर आलं नाही. आतल्या खोलीत नव्हता. मोरीत नव्हता. स्वप्नालीही नव्हती. लोखंडी दार नुसतं लोटलेलं होतं, कडी काढलेली.

"दार कुणी उघडलं? मोनिकाताई, तुम्ही व्हिडिओ काढायला भाईर गेला व्हता!"

"मी कडी घातली व्हती! वन्सं जीपमधून बॅग आणायला गेल्या."

"माझ्यावर नका ढकलू. पोरांना असल्या गोष्टी सांगून येडं कुणी केलं? आबांनी!"

सगळ्यांची तोंडं गेणबाकडं वळली. त्या घरात इतकी एकी कधीच दिसली नव्हती. गेणबा मात्र ऐकत नव्हता. तो पायऱ्या उतरून अंगणात उभा होता, वाऱ्याकडं नाक करून. मघापासून विहिरीकडून बोकडाचं ओरडणं येत होतं. ते थांबलं होतं.

"त्यो गप झालाय," गेणबा म्हणाला. "येकतर मेला, न्हाईतर त्येच्याजवळ कोनतरी बसलंय."

 हनुमंतनं पहार घेतली, भरतनं कुऱ्हाड. सारिकानं हातात आलं ते पातेलं घेतलं, मोनिकानं परात. रंगू अनवाणीच निघाली. गिताबाईच्या हातात काहीच नव्हतं. ती सगळ्यांच्या पुढं चालत होती. बिबट्या आला तर आधी आपण, इतका एकच विचार तिच्या मनात होता, आणि त्यात कुणाला दाखवण्यासारखं काही नव्हतं.

विहिरीला वळसा घातला आणि पिंजरा दिसला. मागच्या खणात बोकड मधोमध बसला होता. त्याच्या एका अंगाला स्वप्नाली, दुसऱ्या अंगाला पप्पू. दोघांच्या गळ्यात काटेरी पट्टे. मागचं दार त्यांनी आतून वायरनं पिळून बांधलं होतं. बोकड रवंथ करत होता.

सारिका पुढं धावली, तोच गेणबानं तिचा हात धरला.

पिंजऱ्यापासून पंधरावीस पावलांवर, बांधावर तो बसला होता. मांजर बसतं तसा, पुढचे पाय जोडून. तो पिंजऱ्याकडं बघत होता. मग त्यानं सावकाश मान वळवली आणि या सगळ्या कुटुंबाकडं पाहिलं.

हनुमंतनं पहार दोन्ही हातांनी धरली. डाव्या अंगानं ऊस आडवा झाला होता. तिकडून बिबट्या फिरला असता, तर आई त्याच्या वाटेत होती.

"भारत," हनुमंत ओरडला. लहानपणी तो भावाला असंच हाक मारायचा. "डावीकडनं जा! आईला मागं घे!"

"दादा, तू हालू नगं! तुझ्याकडं बघतोय त्यो!" भरत ओरडला आणि आईपुढं जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात गेणबानं हाळी दिली. लांडगा आल्यावर धनगर देतात ती, पोटातून निघणारी, लांबच लांब.  चाळीस वर्षांत गिताबाईनं ती ऐकली नव्हती. म्हणजे सगळ्याच गोष्टी काही खोट्या नव्हत्या. मग हनुमंत ओरडला, भरत ओरडला, सारिकानं पातेल्यावर दगड हाणला, मोनिकानं परात बडवली, आणि रंगूनं यवतच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांना घालायच्या सगळ्या शिव्या बिबट्याला घातल्या. बिबट्या उठला. त्यानं अंग ताणलं आणि बांधावरून उसात उतरला. पळाला नाही. असल्या लोकांत थांबण्यात काही अर्थ नाही, असं वाटून निघून गेल्यासारखा गेला.

भरतनं वायर सोडवेपर्यंत त्याच्या बोटांतून रक्त आलं. पप्पू बाहेर आला तो बापावर चिडून.

"तुम्ही ओरडला म्हणून त्यो गेला! आता आत येणार व्हता!"

"आम्ही गप बसलो होतो," स्वप्नाली म्हणाली. "आबांनी सांगितलंय, जनावराला एकटं सोडायचं नाही. तुम्ही सगळ्यांनी त्याला एकटं सोडलं."

  मोनिकानं मुलीला एक थोबाडीत मारली, मग तिला पोटाशी धरून तिथंच मातीत बसली. सारिका तिच्याजवळ बसली. जाऊबाईच्या पाठीवर हात ठेवताना तिनं एकदा आजूबाजूला पाहिलं, कुणी मोबाईल तर धरला नाही ना. मोबाईल घरीच राहिला होता.

बोकडाला सगळ्यांनी मिळून घरी नेलं. त्या रात्री जेवताना भरतनं हनुमंतला "दादा, मीठ दे" असं म्हटलं. हनुमंतनं मीठ दिलं. गिताबाई ताटावरून उठून मोरीत गेली, तोंडावर पाणी मारून परत आली आणि डोळ्यांत तिखट गेलं म्हणाली. त्या दिवशी वांग्याची बिनतिखटाची भाजी होती.

पुढचे चार दिवस त्या घरात जे सुख होतं, त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. दोघा भावांनी मिळून भरतच्या न्हाणीला दार बसवलं. रंगूनं सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या आणि बोकड देवाला नको, नारळ फोडते असं म्हणाली. नवस फिरवल्याबद्दल देव तिला काय म्हणेल, याची तिनं थोडी चौकशी केली, पण फार नाही. गेणबा पोरांना गोष्टी सांगताना आता स्वप्नालीकडं बघून जरा जपून बोलायचा.

पाचव्या दिवशी पहाटे गार्डच्या शेळीवर बिबट्या सापडला.

सकाळी सगळं गाव लोटलं. पिंजऱ्यासमोर फोटो निघाले. सरपंच शिरूरहून पांढरे कपडे घालून आला. मोनिकानं बिबट्याचा व्हिडिओ काढला. त्याला दोन लाखांवर लोक मिळाले. पिंजऱ्यातलं जनावर पंजे चाटत कोपऱ्यात बसलं होतं. त्याच्या कपाळावर गज घासून जखम झाली होती.

आणि दहा वाजेपर्यंत घर मोकळं व्हायला लागलं. रंगूची जीप दारात लागली. रात्री ढाब्याला नवी बाई मिळाल्याचा फोन आला होता, त्यामुळं "आई, तुला हितंच करमतंय, तर राहा बाई" असं ती म्हणाली. हनुमंतला ठेकेदारानं सोमवारपासून बोलावलं होतं. कारेगावची जुनी खोली अजून रिकामी होती. सारिकानं अंथरुणं गुंडाळली आणि भिंतीला वळसा घालून नेऊ लागली. तेवढ्यात विहिरीपाशी चाललेलं दोघा भावांचं बोलणं गिताबाईच्या कानावर आलं.

"दादा, सोमवारपास्नं तू नसणारच. मग मोटरची पाळी मलाच ऱ्हाईल न्हवं?"

"मी नसलो, तरी माझा ऊस हाय ना भारत. माझ्या पाळीला आबा लावत्याल."

"आबांना आता व्हतंय का?"

"मग काय, पाणी सोडून देऊ?"

 मग भरतचा आवाज आला. तो आता भावाशी बोलत नव्हता. "आये, त्येला म्हणावं..."

गिताबाई उत्तर द्यायला थांबली नाही. पदर खोचून ती बांधावरून निघाली. पिंजरा ट्रॅक्टरवर चढवला होता, गार्ड दोर आवळत होता. ती धापा टाकत त्याच्याजवळ पोचली.

"साहेब, येकलाच व्हता का हो त्यो?"

"एकच दिसलाय, आजी. आता घाबरायचं कारण नाही."

"घाबरत न्हाई मी." तिनं मागं वळून घराकडं पाहिलं. अंगणात गाठोडी निघाली होती. भिंतीच्या पलीकडून पप्पू स्वप्नालीला हाका मारत होता. "मादी असंल की एखादी. पिल्लं असत्याल. बघा तुम्ही नीट."

"ठसे नाहीत कुठं दुसरे."

"ठशाचं जाऊ द्या. तुम्ही सरकारी माणूस, तुमचं ऐकत्यात." ती जवळ सरकली आणि आवाज खाली आणला. "घरात जाऊन नुसतं सांगा, की दुसरा हाय म्हणून."

गार्डनं दोर सोडला. त्यानं म्हातारीकडं पाहिलं, मग तिच्या नजरेच्या रोखानं अंगणाकडं, गाठोड्यांकडं, भिंतीकडं. तोही तालुक्यातलाच होता. त्याच्या घरीही बहुधा भिंत असावी.

"कधीपर्यंतचं सांगू, आजी?"

"संक्रांतीपतूर," गिताबाई म्हणाली. "तेवढं सांगा."